यात आता राम राहिला नाही

‘यात आता काही राम राहिला नाही’ हे वाक्य जगात प्रथम कोणी उच्चारले, याचा शोध अजून कुठल्याही इतिहास संशोधक मंडळाने लावलेला नाही. माझा आपला एक अंदाज आहे. पहिल्या माणसाने दोन गारगोट्या घासून विस्तव केला आणि त्यावर मांस भाजले, तेव्हा शेजारच्या गुहेतले वयस्कर गृहस्थ हेच म्हणाले असणार. कच्चे मांस फाडून खायची एक हातोटी असते, आणि ती त्यांनी उभी हयात घालवून कमावलेली होती. पण त्यांनी तारीख घालून लिहून ठेवले नाही, आणि इतिहासाचे घोडे नेमके तिथे पेंड खाते. कुरकुर ही माणसाची सर्वांत जुनी कला, पण तिचे दफ्तर नाही. आमच्या शाखेत तक्रारपेटी होती, तिची किल्ली हरवली होती. एवढ्या साधनांवर इतिहास लिहायचा कसा?

तारीखवार आणि पुराव्यासकट कुरकुर झाली आहे असे क्षेत्र मला एकच सापडले, आणि तेही भाच्यामुळे. हा भाचा इंजिनिअर आहे, म्हणजे अर्थात पुण्यात असतो. २०१० साली, तो चौदा वर्षांचा असताना, त्याच्या अमेरिकेतल्या चुलतभावाने सुट्टीला येताना त्याच्यासाठी पत्त्यांचा एक कॅट आणला. बहिणीला वाटले, रमीचा असेल. पण उघडून पाहिले तर राजा नाही, राणी नाही, गुलाम नाही. प्रत्येक पत्त्यावर एकेक राक्षस आणि खाली मुंगीच्या अक्षरात विमा पॉलिसीसारखा मजकूर. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ असे त्या खेळाचे नाव. विमा पॉलिसीचा मजकूर शेवटपर्यंत वाचणारा आमच्या घराण्यात मी एकटाच, त्यामुळे भाच्याने खेळायला मला पकडले.

आपल्याकडच्या पत्त्यांना मालक नाही, हे आपल्या कधी लक्षातच येत नाही. मेंढीकोटचा नियम बदलायला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त आवाज मोठा लागतो. बंद हुकूम की कट हुकूम यावरून आमच्या आजोळी सख्खे भाऊ तीन-तीन दिवस अबोला धरत. पण कंपनीला कोणी पत्र लिहिले नाही, कारण कंपनीच नव्हती. मॅजिकला कंपनी आहे. ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ हे तिचे नाव. ती वर्षातून अनेकदा नवे पत्ते काढते, आणि बहुतेक खेपेला त्यांच्याबरोबर एखादी नवी क्लृप्ती, नवा नियम येतो. पत्ते बंद पाकिटातून विकत घ्यायचे. आत काय निघेल ते नशीब. त्यातून प्रत्येकाने आपापला कॅट जुळवायचा आणि दोघांनी समोरासमोर बसायचे. प्रत्येकाला सुरुवातीला २० प्राण असतात. समोरच्याचे शून्यावर आणले की जिंकलो. जमिनीचे पत्ते असतात, त्यांतून शक्ती मिळते, त्या शक्तीला ‘माना’ म्हणतात, आणि ती खर्चून राक्षस बोलवायचे किंवा मंत्र टाकायचे. (भाचा पहिल्यांदा ‘मामा, तुझ्या माना किती?’ म्हणाला तेव्हा मी गळ्याला हात लावून पाहिला होता.)

खेळाची नियमावली अडीचशे पानांच्या वर आहे. तिच्यात एक सुवर्णनियम असा, की पत्त्यावरचा मजकूर आणि नियमावली यांत विरोध आला तर पत्त्याचे खरे मानावे. हे वाचून मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. जनरल सर्क्युलर एक सांगते आणि स्पेशल सर्क्युलर त्याच्या उलट सांगते, यावर तर मी पगार घेतो.

हा खेळ काढला रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितज्ञाने. १९९१ साली तो पीटर ॲडकिसन या माणसाकडे एक वेगळाच पटावरचा खेळ घेऊन गेला होता. ॲडकिसनची कंपनी तेव्हा अगदी लहान. पटावरच्या खेळाचा खर्च परवडणारा नव्हता. तो म्हणाला, खेळांच्या मेळाव्यात दोन कार्यक्रमांच्या मध्ये पोरे रिकामी बसतात, त्या वेळात खिशातून काढून खेळता येईल असे काहीतरी दे. त्यातून १९९३ च्या ऑगस्टमध्ये मॅजिक बाहेर आले. पहिल्या खेपेला २६ लाख पत्ते छापले होते, ते पाहता पाहता संपले.

गारफील्डचा हिशेब असा होता, की माणूस फार तर एका पटाच्या खेळाला लागतील तेवढे पैसे घालेल, चार पाकिटे घेईल आणि गप्प बसेल. गणितज्ञ आणि बँकेचे प्लॅनिंग डिपार्टमेंट, दोघेही माणसाबद्दल असेच अंदाज बांधतात. लोकांनी खोक्याने पाकिटे घेतली. मूळ नियमात एकच पत्ता कितीही वेळा घ्यायला बंदी नव्हती. कॅट ४० पत्त्यांचा असला की झाले. मग ज्याच्याकडे पैसा, तो एकच जालीम पत्ता वीस-वीस घालून बसू लागला. तेव्हा १९९४ च्या सुरुवातीला स्पर्धांसाठी नियम आला, की कॅट किमान ६० पत्त्यांचा हवा आणि एक पत्ता चारपेक्षा जास्त नको. आज हा नियम खेळाचा पाया मानतात. पाया इमारतीनंतर घातला, एवढेच.

सुरुवातीच्या नियमांत आणखी एक चीज होती. डावाआधी दोघांनी आपापल्या कॅटमधला एक पत्ता न बघता काढून बाजूला ठेवायचा, आणि जिंकेल त्याने दोन्ही कायमचे घरी न्यायचे. आपल्याकडे गोट्यांत ‘खरी-खरी’ आणि ‘खोटी-खोटी’ असे दोन प्रकार असतात, त्यांतला हा खरी-खरीचा. गारफील्डला वाटले, यामुळे पत्ते हातोहात फिरत राहतील. पत्ते फिरले नाहीत, लोकांची डोकी फिरली. दुपारभर लढून हरायचे ते हरायचे, वर आपला लाडका पत्ता दुसऱ्याच्या खिशात जाताना बघायचा, हे कोणाला सोसेना. त्यात जुगाराचा वास येत होता तो वेगळाच. स्पर्धांत हे कधी चाललेच नाही, आणि १९९५ नंतर कंपनीने त्या नियमाचे पत्ते काढणेही सोडून दिले. मात्र जनता जनार्दनाने इथे काही आरडाओरडा केला नाही. नियम पुस्तकात ठेवला आणि खेळायचेच नाही असे केले. मला ही रीत सर्वांत परिपक्व वाटते. आमच्याकडे ‘कृपया शांतता राखा’ या पाटीखाली हीच पद्धत चालते.

पहिली रीतसर बोंब झाली ती १९९३ च्या अखेरीस. खेळात पहिली भर घालायची ठरली आणि गारफील्डने विषय निवडला अरबी भाषेतल्या सुरस गोष्टींचा, म्हणजे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आपल्यासाठी मराठीत आणल्या त्याच. अल्लाउद्दिनाचा दिवा, उडता गालिचा, सगळी मंडळी आली. कंपनीच्या मनात होते, की या नव्या पत्त्यांची पाठ वेगळ्या रंगाची छापावी, म्हणजे हा खेळ जुन्यापासून निराळा राहील. ही बातमी बाहेर फुटली आणि खेळाडू खवळले. त्यांचे म्हणणे साधे होते. पाठी दोन रंगांच्या झाल्या तर कॅट पिसून उपयोग काय? वरचा पत्ता कुठल्या जातीचा हे न उलटता कळणार. मग जुने आणि नवे एकत्र खेळताच येणार नाहीत. कंपनीने शेवटच्या घडीला बेत फिरवला आणि जुनीच पाठ छापली. घाईत त्या संचात ‘माउंटन’ हा साधा डोंगराचा एक पत्ता चुकून राहून गेला.

या एका माघारीवर पुढचा सगळा खेळ उभा आहे. १९९३ चा पत्ता आज काढलेल्या पत्त्यात मिसळून पिसता येतो, तो या ओरड्यामुळे. पाठीवर ‘डेकमास्टर’ असे एक नाव छापलेले आहे. ते नाव कंपनीने कधीच टाकून दिले, पण पाठीवरून काढता येत नाही, कारण काढले तर नवा पत्ता ओळखू येईल. जुन्या मॅनेजरांचा रबरी शिक्का त्यांच्या बदलीनंतरही चालू राहतो, तसे ते चालू आहे.

(जाता जाता त्याच संचातल्या शहरजादीच्या पत्त्याबद्दल सांगतो. तो टाकला की चालू डाव जागच्या जागी थांबवायचा, उरलेल्या पत्त्यांचा दुसरा डाव मांडायचा, आणि त्यात हरणाऱ्याचे मूळ डावातले निम्मे प्राण कमी करायचे. गोष्टीत गोष्ट, तसा डावात डाव. स्पर्धा घेणाऱ्यांनी पुढे त्याच्यावर बंदी घातली. संध्याकाळी दुकान बंद करून घरी जायचे असते लोकांना.)

आता १९९९ सालाकडे येऊ. हे या इतिहासातले पानिपत.

सहा वर्षांत नियमांवर नियम, खुलाशांवर खुलासे चढून खेळाची अवस्था आयकर कायद्यासारखी झाली होती. दोघांनी एकाच वेळी मंत्र टाकले तर आधी कोणाचा लागू, हे सांगायला जाणकार लागे. ‘सिक्स्थ एडिशन’ या संचाबरोबर कंपनीने सगळे खोदून नवे बांधले. नव्या पद्धतीला नाव होते ‘स्टॅक’, म्हणजे ढीग. जो मंत्र शेवटी टाकला तो ढिगावर सर्वांत वर, म्हणून तो आधी फळणार, आणि जो सर्वांत आधी टाकला तो तळाला, म्हणून त्याचा नंबर शेवटी. भाच्याने मला हे समजावून सांगायला पंधरा मिनिटे तयारी केली होती. मला अर्ध्या मिनिटात समजले. साहेबांच्या टेबलावरच्या फायलींचे हेच तत्त्व आहे.

खेळाडूंनी मात्र कपाळ बडवले. कारण जुन्या नियमांच्या सांदीकोपऱ्यांत त्यांची घरे होती. एकच उदाहरण देतो. पूर्वी प्राण शून्यावर आले तरी माणूस लगेच मरत नसे. डावाचा तेवढा टप्पा संपेपर्यंत त्याला मुदत होती. शून्याखाली जायचे, आणि टप्पा संपायच्या आत कुठून तरी चार प्राण पैदा करून वर यायचे, अशा करामती जाणते लोक करीत. दुपारी खाते उघडेनागडे, पण दिवसअखेर बॅलन्स दाखवला म्हणजे झाले, हे तंत्र आमच्या कित्येक प्रतिष्ठित व्यापारी खातेदारांनीही आत्मसात केलेले होते. नव्या नियमाने शून्य म्हणजे शून्य, जागच्या जागी कारभार आटोपला. आडवा पडलेला, म्हणजे वापरून झालेला राक्षस पूर्वी समोरच्याला अडवताना मार खाई पण मार देत नसे. आता देऊ लागला. शेकडो बारीकसारीक गोष्टी हलल्या. खेळ पोरकट केला, बुद्धी काढून घेतली, आता यात राम राहिला नाही, असा एकच सूर लागला.

खेळ बुडाला नाही. उलट त्या ढिगातून नव्या करामती निघाल्या. त्यांतली एक ऐकण्यासारखी आहे. ‘मॉग फॅनॅटिक’ नावाचा एका मानाचा एक किरकोळ भुतावळीतला प्राणी आहे. त्याची ताकद एक. शिवाय त्याचा बळी दिला तर तो कोणालाही एक मार देऊन मरतो. १९९९ च्या नियमात लढाईतला मारही ढिगावर चढत असे. मग जाणकार काय करी? फॅनॅटिकला लढायला लावायचा, त्याचा एक मार ढिगावर चढला की तो लागू व्हायच्या आत त्याचा बळी द्यायचा, आणि बळीचा दुसरा एक मार वसूल करायचा. प्राणी मेला, पण त्याने मारलेला ठोसा हवेत आहेच. एका मानात दोन मार. दहा वर्षे पोरे यावर जगली.

२००९ च्या जूनमध्ये कंपनीने जाहीर केले, की जुलैपासून लढाईचा मार ढिगावर जाणार नाही. मेलेला मेला, त्याचा ठोसाही मेला. फॅनॅटिकने एक तर लढावे, नाहीतर बळी जावे. त्याच झटक्यात ‘माना बर्न’ही गेले. काढलेली शक्ती वापरली नाही तर पूर्वी तितके प्राण जात. आता नुसती वाया जाते. (आमच्याकडे ३१ मार्चला न खर्चलेले बजेट नुसते लॅप्स होते. ते पगारातून कापायची कल्पना अजून कोणाला सुचली नाही, म्हणून मी हे हळू आवाजात लिहितो आहे.)

आणि मग खेळाडूंनी जो आकांत केला, त्यात गंमत अशी, की १९९९ साली ज्या ढिगाने खेळ बुडणार होता, तो ढीग आता वाडवडिलांची ठेव झाला होता. तीच वाक्ये: खेळ पोरकट केला, बुद्धी काढून घेतली. फक्त ज्याच्या नावाने शिमगा केला होता, त्याच्याच नावाने आता सुतक.

हे वाचून मी पुष्कळ हसलो, आणि मग आमचे हेडक्लार्क आठवले.

मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून जाडजूड लेजरे होती. महिनाअखेरीला बॅलन्सिंग करायचे आणि फरक यायचा. दोनशे सत्तर रुपयांचा फरक. तरणी मंडळी पहिल्या पानापासून तपासायला बसत. हेडक्लार्क फरकाचा आकडा ऐकत, डोळे मिटत आणि विचारीत, ‘नऊने भाग जातो का बघा.’ भाग जात असला तर कोणीतरी आकडे उलटे घातलेत, ४७० चे ७४० केलेत, हे ठरलेले. मग ते उठत, हाताने लेजरांवरून चाचपत जात आणि नेमके पान काढीत. भाग जात नसला तर फरक निम्मा करून त्या रकमेची नोंद शोधायला लावीत, कारण मग कोणीतरी जमेचे नावे टाकलेले असे. तीस वर्षांत त्यांनी ही विद्या कमावली होती. तिच्याबद्दल पगारात वेगळा भत्ता नव्हता. फक्त महिनाअखेरीला संध्याकाळी सात वाजता सगळी शाखा त्यांच्या तोंडाकडे बघत असे.

२००७ साली एका रविवारी आमची शाखा कोअर बँकिंगमध्ये गेली. सोमवारी बॅलन्सिंग आपोआप झाले होते. फरक नाही. त्या महिनाअखेरीला आम्ही साडेपाचला घरी निघालो, सगळे खूश. हेडक्लार्क पिशवी काखेला मारून जागेवरच बसले होते. ‘चला की साहेब,’ म्हटले. म्हणाले, ‘हो, निघतो. सवय नाही हो एवढ्या उजेडात बाहेर पडायची.’ तेही संगणकाविरुद्ध बोलत, की मशीनवर भरवसा नाही, यात राम नाही. आम्ही मागे हसत असू. संगणक वाईट होता असे माझे आजही म्हणणे नाही. खातेदाराला नऊने भाग जाण्याशी कर्तव्य नसते. पण त्या रविवारी त्यांच्याजवळचे काय गेले हे कुठल्याही खात्याला नावे पडले नाही, हेही खरे. फॅनॅटिकवाल्यांना मी तेव्हापासून हसत नाही.

पण म्हणून दर वेळी खेळाडूंची बाजू घ्यावी म्हटले, तर तेही अंगाशी येते. २००३ साली पत्त्यांची चौकट बदलली आणि गहजब झाला. त्यात एक तक्रार रास्त होती, की यंत्रांचे पत्ते नव्या चौकटीत इतके फिके झाले की पांढऱ्या पत्त्यांत मिसळून दिसत. पुढच्याच वर्षी कंपनीने त्यांचा रंग गडद केला. बाकीची ओरड नुसतीच ओरड होती. आणि ती जुनी चौकट २०२१ साली कंपनीने हौशी लोकांसाठी खास म्हणून पुन्हा छापली, तेव्हा नवी पोरेही तिच्यावर तुटून पडली. त्याच २००३ च्या ऑक्टोबरात ‘मिरोडिन’ संचात ‘ॲफिनिटी’ नावाचा नियम आला. तुमच्यापुढे जितकी यंत्रे जास्त, तितका पुढचा पत्ता स्वस्त. (आधीच जितके कर्ज जास्त तितके नवे कर्ज स्वस्त, ही सवलत बड्या उद्योगपतींना असते, हे खेळाडूंना माहीत नसावे.) यात तर यंत्रवाल्यांपुढे कोणाचा निभावच लागेना. ओरडा बरोबर होता. मार्च २००५ मध्ये एकदम आठ पत्ते बाद करावे लागले. आणि २०११ मध्ये ‘इनिस्ट्रॅड’ संचात चक्क दोन तोंडांचे पत्ते आले. एका बाजूला माणूस, उलटला की लांडगा. पाठच गेली! ज्या पाठीसाठी १९९३ मध्ये लढा दिला, तीच गायब. आता पिसायचे कसे? कंपनीने युक्ती काढली, की अपारदर्शक पिशवीत घाला, नाहीतर पाकिटात एक बदली पत्ता देतो तो कॅटमध्ये ठेवा. लोकांनी धर्म बुडाला म्हणून हाकाटी केली, आणि दोन डाव खेळल्यावर त्या लांडग्यांच्या प्रेमात पडले. पुढे दोन तोंडांचे पत्ते कितीदा आले याची गणती नाही.

खरी ओरड आणि खोटी ओरड यांचा आवाज अगदी एकच असतो, ही कंपनीची खरी अडचण. काउंटरच्या या बाजूला वीस वर्षे बसून मी हे छातीवर हात ठेवून सांगतो. ज्याचे खाते खरोखर चुकले आहे तो आणि ज्याला फक्त पेनाला दोरी बांधलेली आवडत नाही तो, दोघे सारख्याच पट्टीत ओरडतात.

आमच्या घरापर्यंत हा इतिहास आला तो २०१६ मध्ये. ३० सप्टेंबरला ‘कलादेश’ नावाचा संच निघाला आणि त्याचा सगळा थाट हिंदुस्थानी. शहराचे नाव घिरापूर, बायका साडीच्या वळणाच्या वेषात, एकीचे नाव रश्मी, एकीचे सहेली राय. भाचा हर्षभरित. मला मात्र त्यात निराळीच माणसे ओळखीची निघाली. तिथल्या सरकारात बराल नावाचा एक ‘चीफ ऑफ कम्प्लायन्स’ आहे. तुमचा पत्ता नामंजूर केला की त्याच्या मालकाला वर बक्षीस मिळते. आणि कंबल नावाचा वाटप-अधिकारी आहे. समोरच्याने राक्षस सोडून दुसरे काहीही टाकले, की दर वेळी त्याचे दोन प्राण कापून आपल्याकडे जमा करतो. हा सर्व्हिस चार्ज ज्याने काढला त्याने आमच्या क्षेत्रात नक्की उमेदवारी केलेली असावी.

या संचातला नवा नियम ‘एनर्जी’. ती जमवायची, ती डावाचा फेरा संपला तरी संपत नाही, आणि ती पत्त्यात नसून खेळाडूच्या नावावर जमा असल्यामुळे समोरच्याला तिला हात लावायला जवळजवळ काही मार्गच नाही. पीपीएफ कोर्टाच्या जप्तीत सापडत नाही, तशी. ‘मामा, हा काय खेळ झाला? तो जमवत बसतो आणि आम्ही बघत बसतो!’ असे भाचा कळवळून सांगत होता, तेव्हा ऑक्टोबर चालू होता. त्या संचानंतर ३९ दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, रात्री आठ वाजता पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि पुढचे दीड महिने मला स्वतःचे नाव आठवत नव्हते. जानेवारीत घरी आलो तर भाचा तोंड पाडून बसलेला. त्या संचातले ‘स्मगलर्स कॉप्टर’ नावाचे एक विमान त्याने मेसचे पैसे वाचवून चार प्रती करून घेतले होते, आणि कंपनीने चालू स्पर्धांतून ते बाद केले. मी म्हटले, ‘अरे, बाद तर बाद. आमच्याकडे बघ.’

‘तुमच्याकडे बदलून तरी मिळत होत्या, मामा.’

यावर मला उत्तर नव्हते. एनर्जीचेही दोन पत्ते २०१८ च्या जानेवारीत बाद झाले, म्हणजे पोराचा कळवळा अगदीच अनाठायी नव्हता. आणि ‘कलादेश’ हे नावही राहिले नाही. २०२५ च्या ‘इथरड्रिफ्ट’ संचात त्या देशाचे नाव ‘आविष्कार’ आहे. कलादेश म्हणजे कलेचा की काळा, हा आमच्या घरात चाललेला वाद त्यामुळे निकालात निघाला.

सर्वांत झटपट माघार मात्र २०२० ची. ‘इकोरिया’ संचात दहा ‘कम्पॅनियन’ प्राणी आले. तुमच्या कॅटने एक अट पाळली, की हा सोबती कॅटबाहेर थांबतो आणि डावात हवा तेव्हा हजर होतो. म्हणजे हातात सात पत्ते आणि आठवा कायमचा खिशात, पिसण्याच्या नशिबाचा संबंधच नाही. एप्रिलमध्ये पडद्यावरच्या खेळात तो आला. त्या दिवसांत सगळे जग घरात कोंडलेले, भांडायला वेळ भरपूर. यांतला ‘लुरस’ नावाचा मांजरासारखा प्राणी इतका भारी निघाला, की सर्वांत जुन्या, सर्वांत सोशिक प्रकारच्या स्पर्धांतही त्याला आवरता येईना. तिथे शिरस्ता असा, की जालीम पत्ता बाद करत नाहीत, कॅटमध्ये एकच ठेवू देतात. पण लुरस तर एकच लागतो! मे महिन्यात त्याच्यावर बंदी आली आणि १ जूनला कंपनीने दहाही सोबत्यांचा नियम बदलला. त्याला हातात घ्यायला आधी तीन माना मोजा. पत्त्यांवर छापलेला मजकूर तसाच राहिला, अर्थ बदलला. सुवर्णनियमाने शांतपणे मान खाली घातली.

शेवटची नोंद २०२४ ची. २००९ मध्ये मार ढिगावरून उतरवताना कंपनीने एक पोटनियम घातला होता, की एकाला अनेकांनी अडवले तर त्यांची रांग लावायची, आणि पहिला मरेल इतका मार दिल्याशिवाय दुसऱ्याला द्यायचा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘फाउंडेशन्स’ संचाबरोबर ही रांग काढून टाकली. मार हवा तसा वाटा. भाच्याचा त्याच रात्री फोन आला. रांगेमुळे केवढे डावपेच होते, नेमक्या वेळी पहिल्याला वाचवले की मागचे सगळे वाचत, ते सगळे संपले, म्हणे.

मी त्याला सांगितले, ‘अरे, २००९ च्या आधी हवा तसाच वाटत होते. म्हणजे हा नवा नियम नव्हेच. जुनाच परत आलाय.’

‘असेल रे मामा. पण आमच्या वेळी...’ म्हणाला आणि थांबला. वय वर्षे २८.

मग मी विषय बदलला आणि बहिणीला फोन दे म्हटले.